नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ असे दोन वाक्प्रचार आहेत. एक पाळण्यापाशी वापरतात, दुसरा चव्हाट्यावर. दोहोंत फरक केवळ एका मात्रेचा. पण त्या एका मात्रेत माया आणि निंदा यांच्यामधले सगळे अंतर भरून राहिले आहे. बारशाच्या दिवशी मुलाला त्याची पसंती कोणी विचारीत नाही हे खरे. परंतु त्याच्या कानात नाव सांगणारी आत्या घरचीच असते. एखाद्या सबंध समाजाचे नाव मात्र पुष्कळदा परक्याने ठेवलेले असते. कधी ते जिंकणाऱ्याने ठेवलेले असते, कधी शेजाऱ्याने, तर कधी खानेसुमारीच्या कारकुनाने. आणि परक्याने ठेवलेल्या नावात नाव ठेवणे कोठे संपते व नावे ठेवणे कोठे सुरू होते, हे सांगणे फार कठीण असते.

आजच्या व्याख्यानात आम्ही ह्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. निरनिराळे मानववंश, जमाती आणि समाज यांच्याविषयी लिहिताना त्यांना कोणत्या नावाने संबोधावे? बातमी, कथा, पाठ्यपुस्तक, अर्ज, सभेचा वृत्तांत, ह्यांपैकी काही ना काही आपणा प्रत्येकाच्या हातून कधीतरी लिहिले जातेच. म्हणून हा प्रश्न केवळ साहित्यिकांचा नव्हे. विवेचनाच्या ओघात काही बोचरे शब्द आम्हांला उच्चारावे लागतील. वैद्याला जखम दाखवायची तर तिच्यावरचे फडके दूर करावेच लागते, एवढ्याच अर्थाने श्रोत्यांनी ते ऐकावेत.

आरंभीच एक आक्षेप निकालात काढला पाहिजे. ‘शब्दाने कोणाच्या अंगाला भोके पडत नाहीत’ असे आपण सहज म्हणतो. हे म्हणणाऱ्याने मुंबईतल्या एका शब्दाची आठवण करावी. ‘घाटी’ ह्या शब्दाचा अर्थ काय? घाटावरचा मनुष्य. कोशात पाहिले तर त्यात काडीचीही निंदा नाही. सह्याद्रीच्या पलीकडून आलेल्याला घाटावरचा म्हटले, तर तो केवळ भूगोल झाला. पण गिरणीत, गोदीत आणि बंगल्यांतून राबणाऱ्या मराठी माणसाला जेव्हा कोणी ‘घाटी’ म्हणे, तेव्हा त्यात ‘अडाणी’, ‘गावंढळ’, ‘हलक्या कामाचा’ हे तिन्ही अर्थ एकदम असत, आणि ते ऐकणाऱ्याला बरोबर कळत. अंगाला भोक पडत नसेल, पण जेथे पडायचे तेथे पडतेच. उलट बाजूही पाहा. ‘भय्या’ म्हणजे भाऊ. ह्याहून प्रेमाचा शब्द हिंदीत कोणता असेल? तोच शब्द आपण उत्तरेकडून आलेल्या दूधवाल्याला, भाजीवाल्याला ज्या स्वरात लावला, त्या स्वराने भावाचा परका करून टाकला. ह्या दोन शब्दांवरून एवढे निश्चित होते की, शब्दाचा मान किंवा अपमान त्याच्या व्युत्पत्तीत नसतो. तो कोणी, कोणाला आणि कोणत्या नात्याने उच्चारला ह्यात असतो. ‘मूळ अर्थ तर चांगला आहे’ हा बचाव म्हणून लंगडा आहे.

पण शब्दाचे काम केवळ मन दुखवण्यावर थांबत नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमाती’ नावाचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर नेली. ह्या कायद्याची करामत अशी की, एखाद्या जमातीच्या नावापुढे ‘गुन्हेगार’ हे विशेषण सरकारी राजपत्रात छापले, की त्या जमातीत जन्मलेले मूल काही करण्यापूर्वीच संशयित ठरे. हजेरीसाठी पोलीस ठाण्यावर जावे लागे. गाव सोडायचे तर परवाना घ्यावा लागे. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवण्यासाठी वसाहत उभारली गेली. ‘सेटलमेंट’ हे नाव तेथील वस्तीला आजही चिकटलेले आहे. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला आणि ह्या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले.

कायदा गेला, पण भाषेत त्याच्या आधीपासून रुतलेले काटे तसेच राहिले. ‘भामटा’ हे एका जमातीचे नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘राजपूत भामटा’ अशी नोंद आहे. आपण मात्र ‘भामट्याने वृद्धेस गंडवले’ असे मथळे निःशंकपणे छापतो. ‘बेरड’ हेही एका जमातीचेच नाव. ह्याच बेरडांच्या सुरपूर संस्थानच्या राजा वेंकटप्पा नायकाने १८५७-५८ च्या धामधुमीत इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले होते. आपल्या बोलीत मात्र ‘बेरड’ म्हणजे कोडगा, निगरगट्ट. एखाद्या जमातीचे नाव दुर्गुणाचे सामान्यनाम बनावे, ह्यापरती नावे ठेवण्याची दुसरी रीत नसेल. त्या जमातीतला मुलगा शाळेत जातो, गुरुजी त्याला मराठी शिकवतात, आणि आपल्या घराचे नाव भाषेत शिवी म्हणून वापरले जाते, हे तो त्याच भाषेतून शिकतो.

ह्या जुन्या नोंदींचे बळ अद्याप सरलेले नव्हते ह्याचा पुरावा अगदी अलीकडचा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांतील जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले. एखाद्या जमातीत जन्माला आल्यामुळे माणसाला सराईत गुन्हेगार मानण्याची वृत्ती त्या नियमावल्यांत उरलेली होती, तिलाही न्यायालयाने नकार दिला. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाल्यानंतरची ही गोष्ट आहे!

येथून आम्ही पहिला निष्कर्ष काढतो. योग्य शब्द कोणता, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, येथे समाजाचे नाव घालण्याची गरज तरी आहे काय? ‘पारधी टोळी जेरबंद’ अशी बातमी येते. पण बँक बुडवणाऱ्या संचालकांची जात मथळ्यात कधी आली आहे काय? एका घरी चोरी झाली तर चोराची जमात, आणि हजार घरांच्या ठेवी बुडाल्या तर केवळ ‘आर्थिक गैरव्यवहार’! जेथे समाजाच्या नावावाचून गोष्ट पुरी समजते, तेथे ते नाव गाळणे हाच सर्वांत मोठा आदर होय. ह्याच्या उलट, जेथे अन्याय त्या नावामुळेच झाला, तेथे नाव गाळणे म्हणजे अन्याय झाकणे होईल. हा विवेक लेखकाला करावा लागतो.

आता किंचित दूर जाऊ. १८३४ पासून मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांची संख्या सुमारे साडेचार लाखांच्या घरात जाते. त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव करतात व मराठी म्हणून ओळखले जातात. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या जागी ही माणसे उतरली तिला ‘कुली घाट’ म्हणत. तमिळमध्ये ‘कूलि’ म्हणजे मजुरी. म्हणजे मुळात शब्द निर्दोषच. पण मळेवाल्यांच्या आणि गोऱ्या वसाहतवाल्यांच्या तोंडी तो एका धंद्याचा शब्द न राहता सगळ्या हिंदी वंशाचा शब्द झाला. स्वतंत्र मॉरिशसने १९८७ साली त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि तिचे नाव ‘आप्रवासी घाट’ झाले. २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पायऱ्या त्याच, समुद्र तोच. पण आपला पणजोबा ‘कुली’ म्हणून उतरला की ‘आप्रवासी’ म्हणून, हे ठरवण्याचा हक्क आता पणतवंडांकडे आला. गंमत अशी की, त्याच बेटावरील खाल तोराबुली ह्या कवीने ‘कुली’ हाच शब्द उचलून त्यावरून ‘कुलीट्यूड’ अशी स्वाभिमानाची संज्ञा घडवली. एकाच घरातल्या एकाने शब्द टाकला, दुसऱ्याने धुऊन अंगावर घेतला. दोघांनाही तो हक्क आहे. कारण शब्द त्यांच्या घरचा आहे.

दक्षिण आफ्रिकेतली हकीकत ह्याहून अधिक विचार करायला लावणारी आहे. १८९३ साली बॅरिस्टर मोहनदास गांधी दरबानला उतरले, तेव्हा तेथे प्रत्येक हिंदी मनुष्य ‘कुली’ होता. हिंदी व्यापारी ‘कुली व्यापारी’ आणि गांधी ‘कुली बॅरिस्टर’! तमिळ नावांच्या शेवटी ‘स्वामी’ येते, त्याचा अपभ्रंश करून हिंदी लोकांना ‘सामी’ असेही हिणवीत. हा अपमान गांधींनी आपल्या आत्मकथेत सविस्तर नोंदवला आहे. परंतु त्यांच्या दक्षिण आफ्रिकेतील आरंभीच्या लेखनात तेथील मूळच्या आफ्रिकी लोकांसाठी ‘काफिर’ हा शब्द येतो, आणि काही ठिकाणी तो तुच्छतेच्या सुरात येतो. अरबीत काफिर म्हणजे अश्रद्ध. पण गोऱ्यांच्या राज्यात तो काळ्या माणसाला हाकलण्याचा शब्द झाला होता. पुढे गांधींचे विचार पालटले, आणि आफ्रिकेतल्या अनेक स्वातंत्र्यनेत्यांनी त्यांना गुरुस्थानी मानले, हेही तितकेच खरे. तरी २०१६ साली घाना विद्यापीठाच्या आवारात बसवलेला गांधींचा पुतळा तेथील अध्यापक-विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर २०१८ च्या डिसेंबरात हलवावा लागला, त्यामागे ह्याच जुन्या लेखनाचा संदर्भ होता. पुतळा हलवणे योग्य की अयोग्य, ह्यावर दुमत होईल. आमचा मुद्दा वेगळा आहे. ‘कुली’ हा शब्द ज्याच्या जिव्हारी लागला, त्याच्याच लेखणीला त्या काळात ‘काफिर’ हा शब्द खटकला नाही. अपमानाचा अनुभव माणसाला आपोआप दुसऱ्याच्या अपमानाविषयी जागे करीत नाही; त्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागतो. एवढ्या थोर पुरुषाला जे आपोआप साधले नाही, ते आपल्याला साधले आहे असे गृहीत धरू नये.

हे अगदी आपल्या दारातही दिसते. ‘घाटी’ म्हटल्यावर पेटून उठणारे आपण, दक्षिणेतल्या चारपाच भाषांच्या लोकांना एकाच ‘मद्रासी’ गाठोड्यात बांधीत आलो. ईशान्येकडच्या राज्यांतून शिकायला आणि नोकरीला आलेल्या मुलामुलींना आपल्या शहरांतून ‘चिनकी’ अशी हाक येते. हे लोक भारताचे नागरिक आहेत, आणि त्यांचा चेहरा हाच त्यांचा दोष! केंद्रीय गृहखात्याला २०१२ साली ह्या शब्दाविरुद्ध राज्यांना कडक सूचना द्याव्या लागल्या. २०१४ च्या जानेवारीत अरुणाचल प्रदेशच्या एका तरुणाचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला. भांडणाची ठिणगी त्याच्या रूपाच्या टवाळीतून पडली होती. त्यानंतर ह्या प्रश्नावर बेझबरुआ समिती नेमली गेली. शब्दाने अंगाला भोके पडत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी ह्या घटनेकडे पाहावे.

आता दुसरा आक्षेप घेऊ. ‘ह्या लोकांची नावे सारखी बदलतात, आम्ही लक्षात तरी किती ठेवायची?’ ह्या आक्षेपाचे सर्वांत बोधप्रद उत्तर अमेरिकेत सापडते. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना तेथे ‘कलर्ड’ म्हणत. पुढे ‘निग्रो’ हा शब्द प्रतिष्ठित झाला. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ह्या विद्वान नेत्याने आग्रह धरला की, हा शब्द इंग्रजीत लिहिताना आद्याक्षर मोठे असले पाहिजे. कारण इतर लोकसमूहांची नावे मोठ्या अक्षराने आणि आमचेच तेवढे लहान अक्षराने लिहिणे, हा लिपीतून केलेला अपमान आहे. १९३० च्या मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही मागणी मान्य केली. १९६६ नंतर ‘ब्लॅक’ हा शब्द तरुणांनी अभिमानाने उचलला आणि ‘निग्रो’ मागे पडला. १९८८ साली जेसी जॅक्सन ह्यांनी ‘आफ्रिकन-अमेरिकन’ ह्या नावाचा पुरस्कार केला. २०१६ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या स्वाक्षरीने अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यांतून ‘निग्रो’ आणि ‘ओरिएंटल’ हे शब्द काढून टाकण्यात आले. २०२० साली असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेने ‘ब्लॅक’चे आद्याक्षर मोठे केले. नव्वद वर्षांनी तोच एका अक्षराचा लढा पुन्हा झाला!

ह्यात लहरीपणा नाही. वागणूक बदलत नाही, म्हणून शब्द मळतो. शब्द मळला, म्हणून नवा घ्यावा लागतो. डु बॉइसनाही हे ठाऊक होते. १९२८ साली एका शाळकरी मुलाने त्यांच्या ‘द क्रायसिस’ मासिकाला पत्र लिहून ‘निग्रो’ हा शब्द टाकून द्यावा अशी विनंती केली. तेव्हा त्यांनी उत्तरात असा आशय मांडला की, नाव आणि वस्तू ह्यांत गल्लत करू नये. तिरस्कार करणारा नव्या नावानेही तिरस्कारच करील. आद्याक्षरासाठी भांडणारा आणि केवळ नावाने काही होत नाही असे सांगणारा पुरुष एकच होता. ह्यात विसंगती नाही. नाव बदलणे पुरेसे नसते. पण नाव नीट लिहिण्याचेही ज्याच्या जिवावर येते, तो पुढचे काही करील ही आशा कशाला धरावी?

आणि लक्षात ठेवण्याच्या त्रासाबद्दल म्हणाल, तर आपण मराठी माणसांनी तरी ती तक्रार करू नये. लग्नात मुलीचे पाळण्यातले नाव बदलून तांदळाच्या ताटात नवे नाव लिहिण्याची चाल आपल्याकडे होती. सारे गोत ते नवे नाव एका दिवसात पाठ करीत असे. १९९५ पासून आपण साऱ्या जगाला ‘बॉम्बे’ सोडून ‘मुंबई’ म्हणायला लावले, आणि जग म्हणू लागले. जो अधिकार आपण आपल्या शहरासाठी मागतो, तो इतरांना त्यांच्या स्वतःच्या नावासाठी द्यायला काय हरकत आहे?

मग नाव ठरवायचे कोणी? सद्भावनेने दुसऱ्याने ठरवले तर चालेल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात मिळाले. एका विधेयकात अस्पृश्य वर्गासाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्यात आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. आणि बहुमताने ती फेटाळली गेल्यावर ते सभागृहाबाहेर पडले. ‘हरिजन’ शब्दाचा अर्थ वाईट होता काय? मुळीच नाही. परंतु ज्यांना ते नाव द्यायचे त्यांचा नकार असताना बहुमताने ते त्यांच्यावर लादले, इतकाच त्यातला दोष. आणि तो दोष फार मोठा होता. पुढे ‘दलित’ हा शब्द त्या समाजातील लेखक-कार्यकर्त्यांनी स्वतः निवडला. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ स्थापन झाली, तेव्हा तिचे नाव अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतलेले होते. २०१८ साली केंद्र सरकारने वृत्तवाहिन्यांना ‘दलित’ शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ म्हणावे असे सुचवले, त्यावरही दलित लेखक-कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला. कायद्याच्या कामासाठी कायद्याचा शब्द योग्यच. पण स्वतः निवडलेले नाव दुसऱ्याने सभ्यतेच्या नावाखाली काढून घेणे, हेही नावे ठेवण्याचेच एक रूप आहे.

‘आदिवासी’ ह्या शब्दाचेही असेच आहे. इंग्रजी अमदानीत ह्या लोकांना रानटी, जंगली म्हणत. घटना परिषदेत जयपालसिंग मुंडा ह्यांनी ‘आदिवासी’ ह्याच नावाचा आग्रह धरला. घटनेच्या मराठी पाठात ‘अनुसूचित जमाती’ आले. काही संस्था ‘वनवासी’ म्हणतात. वरवर पाहता हे समानार्थी शब्द वाटतील. पण ‘आदिवासी’ हा शब्द ‘आम्ही येथे आधीपासून आहोत’ असे सांगतो, आणि ‘वनवासी’ हा शब्द ‘ते रानात राहतात’ एवढेच सांगतो. पहिल्या शब्दाच्या पोटात जमिनीचा आणि जंगलाचा हक्क आहे. म्हणून अनेक आदिवासी संघटनांना दुसरा शब्द मान्य नाही, ह्याची दखल लेखकाने घेतली पाहिजे.

शिवाय, जेथे नेमके नाव ठाऊक आहे तेथे मोघम नाव का घ्यावे? वारली, कातकरी, कोकणा, ठाकर, कोलाम ही निरनिराळ्या लोकांची नावे आहेत. गोंड स्वतःला ‘कोइतूर’ म्हणवतात. पाठ्यपुस्तकांतून आपल्या ओळखीच्या झालेल्या ‘एस्किमो’ लोकांनी १९७७ साली आपल्या परिषदेत ‘इनुइट’ हे नाव स्वीकारले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणसे’ असा आहे. पण म्हणून प्रत्येक ‘एस्किमो’ खोडून ‘इनुइट’ लिहिले, तरी चूक होईल. कारण अलास्कातले युपिक लोक इनुइट नव्हेत. ‘रेड इंडियन’ हा तर कोलंबसाने १४९२ साली केलेल्या दिशाभुलीचा अवशेष आहे. खऱ्या हिंदुस्थानात बसून आपण तो चालवावा, हे विनोदाचे आहे. तेथेही नवाहो, चेरोकी अशी ज्याची त्याची नावे आहेत. त्यातही नवाहो स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. नेमकेपणा हाच आदराचा अर्धा भाग आहे, असे आम्हांला वाटते.

आपल्याकडचा ‘हबशी’ हा शब्दही ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. इथिओपिया-एरित्रियातले लोक आजही स्वतःला ‘हबेशा’ म्हणवतात. त्या प्रदेशातून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. जंजिऱ्याच्या संस्थानाला ‘हबसाण’ म्हणत. पण बोलीत ‘हबशी’ हा लहान मुलांना भिवविण्याचा शब्द होऊन बसला. आफ्रिकेतून पुण्या-मुंबईत शिकायला आलेला विद्यार्थी केनियाचा असेल, नायजेरियाचा असेल किंवा सुदानचा असेल. मग त्याला त्याच्या देशाच्या नावाने संबोधणे इतके का कठीण जावे? आणि उत्तर कन्नडच्या यल्लापूर-हल्याळ भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे सिद्दी तर परदेशी नव्हेतच. ते येथलेच नागरिक आहेत, अनुसूचित जमातीत त्यांची गणना होते, आणि २०२० साली त्यांच्यातील एक गृहस्थ कर्नाटकाच्या विधानपरिषदेत सदस्य म्हणून बसले.

आता खास मराठी लेखणीविषयी एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. इंग्रजीत मोठ्या आणि लहान आद्याक्षरावर जो लढा झाला, तो आपल्या देवनागरीत संभवत नाही. आपल्या लिपीत अक्षरांना असा लहानमोठेपणा नाही. पण म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. आपला लहानमोठेपणा क्रियापदात दडलेला आहे. ‘साहेब आले’, ‘साहेब म्हणाले’. आणि ‘कातकरी आला’, ‘लमाणीण म्हणाली’! नाम कितीही सुधारले, ‘जंगली’च्या जागी ‘आदिवासी’ घातले, तरी ‘एक आदिवासी म्हातारा म्हणाला’ आणि ‘एक वयोवृद्ध वकील म्हणाले’ ही दोन वाक्ये एकाच पानावर बिनदिक्कत नांदतात. दोघांचे वय एक, दोघांनी सांगितलेली गोष्टही एकच. पण एकाला एकवचन आणि दुसऱ्याला आदरार्थी बहुवचन. ही पक्षपाती ‘आला’-‘आले’ची विभागणी कोणत्याही कायद्याने शोधून काढता येणार नाही. ती लेखकाने स्वतःच पकडली पाहिजे. आपण लिहिलेला मजकूर हातात घ्यावा, नामे झाकावीत, आणि नुसती क्रियापदे वाचावीत. कोणाला आपण माणूस समजतो आणि कोणाला नाही, ते तेथे लख्ख दिसेल.

शेवटी जुन्या ग्रंथांविषयी दोन शब्द. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा त्या काळी रूढ असलेला ‘निग्रो’ हाच शब्द वापरला. त्या शब्दात त्यांची सारी सहानुभूती भरलेली आहे. आज तो खोडून दुसरा घालणे म्हणजे इतिहासाला रंगसफेदी करणे होय. जुना शब्द जुन्या पानावर राहू द्यावा. हवी तर तळटीप द्यावी. पण आपल्या नव्या वाक्यात तो आणू नये. संस्थांच्या नावांचेही तेच. अमेरिकेतल्या एका जुन्या संघटनेच्या नावात १९१० पासून ‘कलर्ड’ हा शब्द आहे, आणि तो तिनेच ठेवला आहे. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हे नाव दिले, भीमराव गस्तींनी ‘बेरड’ हे नाव दिले. तो त्यांचा अधिकार. समाजाने फेकून मारलेला दगड त्यांनी उचलून आपल्या घराच्या पायात घातला. पण त्यांनी तो पायात घातला, म्हणून आपल्याला पुन्हा फेकण्याची परवानगी मिळाली, असे मात्र होत नाही.

श्रोतेहो, ह्या विषयावर कोणी योग्य-अयोग्य शब्दांची यादी छापून मागेल, तर ती देण्यास आम्ही असमर्थ आहोत. कारण आज छापलेली यादी वीस वर्षांनी शिळी होईल. पण पद्धत शिळी होत नाही. समाजाचे नाव घेण्याची गरज आहे काय, हे आधी पाहावे. गरज असेल तर त्यांचे नेमके नाव कोणते ते शोधावे. शक्य असेल तेथे त्यांनाच विचारावे. त्यांच्यात दोन मते असतील, तर तसे प्रामाणिकपणे लिहावे. आणि लिहून झाल्यावर आपली क्रियापदे एकदा तपासावीत. ह्याला विद्वत्ता लागत नाही. अनोळखी माणूस घरी आला की आपण ‘आपले नाव काय?’ असे विचारतो, आणि तो जे सांगेल त्याच नावाने त्याला हाक मारतो. त्याचे नाव आपण ठरवीत बसत नाही. दिवाणखान्यात जी रीत आपण इतक्या सहज पाळतो, ती कागदावरही पाळावी, एवढेच आमचे मागणे आहे.